ड्रू चोर कधी झाला? एका वेस्टर्नच्या दोन खेळांचं प्रकरण

हे प्रकरण एका जिल्ह्याच्या गावातल्या चित्रपट मंडळाचं आहे. गाव, मंडळ, कॉलेजं आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची नावं दिलेली नाहीत. चित्रपटाचं नाव मात्र द्यायलाच हवं, कारण जे घडलं ते त्याच्याभोवतीच घडलं: रॉबर्ट बेंटन यांचा ‘बॅड कंपनी’, साल १९७२. याच नावाचे आणखीही चित्रपट आहेत. २००२ सालचा एक हेरगिरीचा विनोदी चित्रपट इतका जास्त माहीत आहे की साल सांगितल्याशिवाय हा सापडतच नाही. फलकावर साल ठळक लिहा, असं मंडळातल्या ग्रंथपाल बाईंनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, आणि ते फार उपयोगी पडलं.

पार्श्वभूमी

मंडळ दर पावसाळ्यात कॉलेजच्या मुलांसाठी एक मालिका करतं. चित्रपटांचा एकच प्रकार घ्यायचा, शनिवारी खेळ, नंतर चहा आणि चर्चा. सभागृह वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आहे आणि लहान आहे, म्हणून प्रत्येक चित्रपट दोनदा लागतो: एका शनिवारी एका कॉलेजसाठी, पुढच्या शनिवारी दुसऱ्यासाठी. त्या वर्षीचा विषय होता वेस्टर्न, म्हणजे जुन्या अमेरिकी पश्चिमेतल्या गुराख्यांचे, दरोडेखोरांचे, बंदुकांचे चित्रपट. पहिला चित्रपट सर्जिओ लिओने यांचा लावला आणि मुलांना जागा पुरेना. लांब कोट, डोळ्यांवर गेलेला कॅमेरा, शिट्टीची धून, आणि कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असल्याचं सुख. आपल्याकडे ‘शोले’मुळे हा सगळा थाट घरचाच झालेला आहे. त्यात वाईट काहीच नाही, पण पुढे जे झालं ते समजायला ही अपेक्षा लक्षात ठेवावी लागते.

दुसऱ्या चित्रपटासाठी मंडळाला प्रेक्षकांच्याच वयाच्या पोरांचा वेस्टर्न हवा होता. निवडीच्या बैठकीत चार नावं आली आणि चारही १९७२ सालची निघाली. तेव्हा हॉलिवूडला ‘वेस्टमध्ये वाढणारी पोरं’ हा विषय जणू एकदमच सुचला होता. ‘द काउबॉईज’मध्ये जॉन वेन शाळकरी मुलांना गुरं हाकायला नेतो आणि त्याचा खून झाल्यावर मुलंच सूड घेतात. ‘द कलपेपर कॅटल कंपनी’त गुराख्यांच्या तांड्यात जायची हौस असलेला मुलगा ती हौस फिटेपर्यंत रक्त पाहतो. ‘डर्टी लिटल बिली’ हा पुढे बिली द किड म्हणून गाजलेल्या पोराचा चिखलातला, अंगावर येणारा चित्रपट. आणि चौथा ‘बॅड कंपनी’.

आग्रह धरला तो इतिहासाच्या प्राध्यापिका मॅडमनी. त्यांचं म्हणणं होतं की बाकीच्या तीन चित्रपटांत पोरं मोठ्यांच्या जगात शिरतात, तर ‘बॅड कंपनी’त मोठ्यांनीच पोरांना घरातून पळवून लावलेलं आहे. मला हा मुद्दा तेव्हा पटला आणि आजही पटतो. हा चित्रपट जितका पाहिला जायला हवा होता तितका पाहिला गेलेला नाही, असं मी कुठेही म्हणायला तयार आहे. बेंटन यांचं हे पहिलंच दिग्दर्शन. त्याआधी डेव्हिड न्यूमन यांच्यासोबत त्यांनी ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७) लिहिला होता आणि हाही दोघांनी मिळूनच लिहिला. पुढे ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’साठी बेंटन यांना दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, आणि त्यांचं नाव निघालं की लोक तिथेच थांबतात. छायाचित्रण गॉर्डन विलिस यांचं. त्याच वर्षी त्यांचा ‘द गॉडफादर’ आला होता. कॅन्ससच्या उघड्या माळावर त्यांनी पकडलेला तो वाळल्या गवताचा, ढगाळ उजेडाचा तपकिरी रंग पाहिला की चकचकीत निळ्या आभाळाचे वेस्टर्न खोटे वाटायला लागतात. संगीत म्हणजे हार्वी श्मिट यांचा पियानो, बस्स. ना घोडदौडीचा वाद्यवृंद, ना शिट्टी.

गोष्ट अशी. साल १८६३, अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू. ओहायोमध्ये सैनिक घरोघर जाऊन भरतीला न गेलेल्या पोरांना ओढून नेताहेत. ड्रू डिक्सनचा भाऊ युद्धात आधीच मारला गेलेला. आईवडील ड्रूला लपवतात, १०० डॉलर आणि सोन्याचं घड्याळ देतात आणि पश्चिमेला धाडतात. त्याला गाठायचंय नेवाडातलं व्हर्जिनिया सिटी. १८५९ मध्ये चांदीची खाण सापडल्यापासून नशीब काढायला निघालेल्या प्रत्येकाच्या तोंडी हेच नाव होतं. मिसूरीतल्या सेंट जोसेफला तो पोहोचतो. तिथून पुढे दीड हजार मैलांहून जास्त वाट. आणि तिथेच जेक रमसी नावाचा गोडबोल्या पोरगा त्याला डोक्यात मारून लुटतो. बुटात लपवलेल्या नोटा तेवढ्या वाचतात. जेकची टोळी म्हणजे पाच पोरं, सगळ्यात धाकटा बूग, अवघा दहाएक वर्षांचा. घरात देवाचं नाव घेत वाढलेला ड्रू शेवटी याच टोळीबरोबर निघतो. ड्रू म्हणजे बॅरी ब्राउन, जेक म्हणजे विशीतला जेफ ब्रिजेस. ब्राउन वयाच्या २७ व्या वर्षीच गेला. या चित्रपटातला त्याचा ताठ, घाबरलेला, शहाणपणा शिकवणारा चेहरा मला ब्रिजेसच्या बडबडीइतकाच मोलाचा वाटतो.

अडचण

पहिला खेळ पडला.

सैनिक एका घरातून बायकी झगा घातलेल्या पोराला ओढून गाडीत टाकतात, त्यावर सभागृह हसलं. वास्तविक तो प्रसंग गमतीच्या अंगाने जाणारा असला तरी आतून भीषण आहे: भरती चुकवायला पोराने बहिणीचे की आईचे कपडे चढवलेत आणि तेही कामी आलेले नाहीत. ड्रू लपतो, निघतो, लुटला जातो. तोवर मागच्या रांगांत मोबाइलचे उजेड दिसायला लागले. मधल्या भागात पोरं ससा मारतात आणि तो सोलायचा कसा हेच कुणाला येत नाही, तिथे पुन्हा थोडं हसू आलं. मग पश्चिमेकडून हात हलवत परत निघालेला एक शेतकरी पैसे घेऊन आपल्या बायकोला या पोरांपुढे करतो. सभागृहात अवघडलेली कुजबुज झाली आणि काही मुली उठून गेल्या. आणि पुढे बूग. खिडकीत निवायला ठेवलेला गोडाचा पदार्थ उचलून पळताना तो पोरगा गोळीला बळी पडतो. ना आधी इशारा देणारं संगीत, ना नंतर रडणारं. एक विद्यार्थी मोठ्याने म्हणाला, “काय फालतूपणा आहे!” आणि आणखी काही जण बाहेर पडले.

चर्चेला जे उरले त्यांच्याकडून दोन वाक्यं पुन्हा पुन्हा आली. मुलांचं: “हीरोच नाही सर यात.” आणि मंडळातल्या वडीलधाऱ्यांचं: “संगत वाईट, दुसरं काय!” पहिल्या वाक्यात चित्रपट नाकारलेला होता, दुसऱ्यात तो सुविचाराच्या फलकावर नेऊन टांगला होता. दोन्हींनंतर बोलायला काही उरत नाही, तसंच झालं. चहा लवकर आला.

सोमवारी कॉलेजकडून संयोजक काकांना फोन आला. एका पालकाने विचारलं होतं की चोरांची गोष्ट दाखवून मुलांना काय शिकवायचंय. सूर तक्रारीचा होता, धमकीचा नाही. पण पुढच्या शनिवारी दुसऱ्या कॉलेजचा खेळ ठरलेला होता आणि निर्णय त्याआधी व्हायला हवा होता.

समोर आलेले पर्याय

बैठक वाचनालयातच झाली. काका, प्राध्यापिका मॅडम, ग्रंथपाल बाई, प्रोजेक्टर सांभाळणारी दोन मुलं, आणि मी सभासद म्हणून.

काकांचा पहिला कल चित्रपट बदलण्याकडे होता. ‘द काउबॉईज’ लावावा, त्यातही पोरं आहेत, मारामारी आहे, आणि पालकांना झेपेल असा एक बापमाणूस आहे. विचार व्यवहाराचा होता. मंडळ कॉलेजांच्या भरवशावर चालतं, एक कॉलेज तुटलं तर मालिकाच बंद पडेल. मॅडमची हरकत दर्जाबद्दल नव्हतीच. ‘द काउबॉईज’मध्ये मुलांनी बंदूक उचलणं म्हणजे मोठं होणं, असा अर्थ निघतो, आणि तो चर्चेशिवाय मुलांच्या गळ्यात उतरेल, हे त्यांना धोक्याचं वाटत होतं.

दुसरा पर्याय काटछाटीचा. शेतकऱ्याच्या बायकोचा आणि बूगचा प्रसंग पुढे पळवायचा. हे कुणी उघडपणे सुचवलं नाही, “तेवढे दोन सोडले तर…” असं अर्धवट येत राहिलं. पण बूग मेल्याशिवाय हा चित्रपट म्हणजे पोरांची सहल आहे. तोवर त्यांना आणि आपल्यालाही वाटत असतं की कोंबड्या-अंडी पळवणं हा खेळ आहे. त्या गोळीनंतर पडद्यावरची प्रत्येक चोरी महाग होते. शिवाय त्यानंतर टोळी फुटते. लोनी आणि जिम बॉब घोडे घेऊन पळतात आणि पुढे झाडाला टांगलेले सापडतात, हेही मग बिनकारण वाटेल.

तिसरा पर्याय आधी व्याख्यान द्यायचा. यादवी युद्ध, गुलामगिरी, लिंकन, पश्चिमेकडचा विस्तार. सांगायला माणूस तयार होता आणि जाणकारही होता. पण शनिवारी दुपारी डबा खाऊन आलेल्या मुलांपुढे पाऊण तासाचं व्याख्यान म्हणजे चित्रपटाआधीच मध्यंतर.

बैठक इथे अडली होती. ती सुटली प्रोजेक्टरवरच्या मुलाच्या बोलण्याने. तो मागे बसतो, त्याला पडद्याइतकीच माणसांची डोकी दिसतात. तो म्हणाला, “मॅडम, पोरं बूगच्या सीनला नाही तुटली. ती पहिल्या दहा मिनिटांतच तुटली होती. त्यांना वाटलं ते सैनिक म्हणजे पोलीस आहेत, चोर पकडायला आलेत.”

माझ्या मते सगळ्या प्रकरणातला कळीचा क्षण हाच. आम्ही सगळे चित्रपटाच्या मधल्या जखमेवर औषध शोधत होतो आणि दुखणं सुरुवातीला होतं. ते सैनिक कशासाठी आलेत हे कळलं नाही तर ड्रू पहिल्या दृश्यापासूनच भित्रा, लपणारा पोरगा ठरतो. मग त्याच्या सभ्यपणावर विश्वास बसत नाही, आणि विश्वासच नसेल तर तो सभ्यपणा झिजताना पाहण्यात रस कुठून येणार? हीरो नाही ही तक्रार खरं म्हणजे ‘हा पोरगा कशापासून पळतोय ते आम्हाला कळलंच नाही’ अशी होती.

त्यातून चौथा पर्याय निघाला: चित्रपट तोच, पूर्ण, एकही दृश्य न गाळता. बदलायची ती फक्त त्याच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरचा प्रश्न.

काय केलं

मॅडमनी एक पानी टिपण लिहिलं आणि ते दाराशीच हातात द्यायचं ठरलं. त्यात व्याख्यान नव्हतं, हिशोब होता. मार्च १८६३ मध्ये उत्तरेकडच्या सरकारने सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा केला, वयोगट साधारण २० ते ४५. मात्र ज्याच्याकडे ३०० डॉलर आहेत त्याला ते भरून त्या खेपेपुरती सुटका मिळे, किंवा पैसे देऊन आपल्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येई. साध्या शिपायाचा पगार तेव्हा महिन्याला १३ डॉलर. म्हणजे कायदेशीर सुटकेची किंमत शिपायाच्या जवळजवळ दोन वर्षांच्या पगाराइतकी. ‘युद्ध श्रीमंतांचं, लढाई गरिबांची’ असं लोक तेव्हा म्हणत. त्याच जुलैत न्यूयॉर्कमध्ये या भरतीवरून मोठी दंगल पेटली, आणि तिच्यात जमावाने कृष्णवर्णीयांनाच ठेचून मारलं, हेही टिपणात होतं. मॅडमनी ते मुद्दाम ठेवलं, म्हणजे भरतीला विरोध करणारा प्रत्येक जण निष्पाप होता असा समज होऊ नये.

शेवटी एकच ओळ: ड्रूच्या आईवडिलांनी त्याला १०० डॉलर दिले, हे लक्षात ठेवून बघा.

ही ओळ मला फार आवडते. चित्रपट हा हिशोब मांडत नाही. पण ३०० ची सुटका आणि १०० ची पुंजी शेजारी ठेवली की बुटात लपवलेल्या त्या नोटांचं वजनच बदलतं. एक मुलगा गमावलेल्या घराला दुसऱ्याची सुटका परवडत नाही, त्याच्या पळून जाण्यापुरतेच पैसे आहेत.

टिपणात व्हिएतनाम घालायचं की नाही यावर बराच वाद झाला. १९७२ मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती चालूच होती. डिसेंबर १९६९ पासून जन्मतारखांच्या सोडतीने पोरं निवडली जात होती आणि कितीतरी जण कॅनडात निघून गेले होते. बेंटन आणि न्यूमन यांनी भरती चुकवून पळालेला नायक त्या साली का निवडला असेल, हे वेगळं सांगायची गरज नाही. मॅडमना ते टिपणात हवं होतं. काका म्हणाले, “मॅडम, तेवढं त्यांच्यासाठी ठेवा. कुणीतरी विचारेल.” त्यांचं ऐकलं गेलं.

दुसरा बदल चर्चेचा. ‘कसा वाटला?’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी खेळ संपताच प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यायची, तिच्यावर एकच प्रश्न: ‘ड्रू चोर नेमका कधी झाला?’ प्रसंग लिहायचा, कारण एका ओळीत. नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून एकेक वाचायची आणि त्यावर बोलायचं.

हा प्रश्न या चित्रपटाला बरोबर बसतो, कारण तो उताराच्या पायऱ्यांनी बांधलेला आहे आणि एकही पायरी इतकी मोठी नाही की ड्रू थबकून मागे फिरेल. तो सैनिकांपासून लपतो. पाद्र्याच्या घरी गेला असताना तिथे जेक येतो. पाद्रीणबाईंची पिशवी स्वतःच हिसकावून, ती परत करून बक्षीस घ्यायचा त्याचा धंदा. ड्रू त्याला ओळखतो, दोघे त्या नीटनेटक्या दिवाणखान्याचा चुराडा करतात, आणि यातून ड्रू पोहोचतो तो थेट टोळीत. टोळीत राहायचं तर काही चोरून दाखवायला हवं. ड्रू एका दुकानात जातो आणि बाहेर येऊन बुटातलेच स्वतःचे पैसे लुटीचे म्हणून दाखवतो. रात्री शेकोटीभोवती तो त्या चोरांना ‘जेन एअर’ वाचून दाखवतो. शेतकऱ्याच्या बायकोजवळ जायला तो नकार देतो. पण चोरलेलं खातो. बूग मेल्यानंतरही पुढेच चालत राहतो. बिग जो या दरोडेखोराच्या माणसांशी गोळीबार होतो तेव्हा माणसं मारतो. मग जेकला ड्रूच्या बुटातले पैसे सापडतात आणि तो ते घेऊन पळतो. चिडलेला ड्रू मार्शलच्या पथकात सामील होतो, म्हणजे कायद्याच्या बाजूला येतो. आणि जेकला फासावर चढवायची वेळ आली की त्यालाच सोडवतो. शेवटी दोघे एका कचेरीत शिरतात, पिस्तुलं काढतात, हात वर करायला सांगतात आणि चित्रपट थांबतो. या सगळ्याला ड्रूच्या रोजनिशीचा आवाज सोबत करत असतो: शांत, नेटका, चांगल्या घरातल्या मुलाचा.

तिसरी गोष्ट छोटी. खेळ सुरू होण्याआधी काकांनी उभं राहून सांगितलं की यात एका बाईच्या विक्रीचा आणि एका लहान मुलाच्या मरणाचा प्रसंग आहे, कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर जा, परत या, कुणी काही विचारणार नाही. कॉलेजलाही हेच लेखी कळवलं होतं.

परिणाम

दुसऱ्या खेळाला झग्यातल्या पोरावर कुणी हसलं नाही असं नाही, पण ते हसू मध्येच तुटलं. गाडीत आधीच बसवलेल्या पोरांचे चेहरे दिसले आणि सभागृह गप्प झालं. बूगच्या प्रसंगानंतर बाहेर जाणारे होतेच. त्यातले बहुतेक परत आले.

चर्चा चहा थंड होईपर्यंत चालली. चिठ्ठ्यांमध्ये इतकी वेगवेगळी उत्तरं आली की काका वाचताना अधूनमधून थांबत होते. सगळ्यांत सोपं उत्तर, शेवटचा दरोडा, अगदी थोड्यांनी दिलं. बऱ्याच जणांनी दुकानाचा खोटा प्रसंग निवडला, आणि भांडण पेटलं ते तिथेच. एकाचं म्हणणं: “त्याने चोरी केलीच नाही, उलट स्वतःचे पैसे घालवले, मग चोर कसा?” त्याला उत्तर देणारी मुलगी म्हणाली, “चोर म्हणून ओळखलं जावं असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पुढचं सगळं नुसतं निभावणं आहे.” मी या चित्रपटाबद्दल जे काही वाचलं-ऐकलं आहे त्यात इतकं नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

एका चिठ्ठीत मार्शलच्या पथकाचा प्रसंग होता. कारण: ‘तो न्यायासाठी नाही, पैशासाठी गेला.’ त्यावरून कायद्याच्या बाजूला उभं राहूनही माणूस चोर असू शकतो का, इथवर बोलणं गेलं. दुसऱ्या एकीत फक्त इतकंच होतं: ‘झालाच नाही. केला.’ कुणी केला यावर मग भरतीचा कायदा, आईवडील, जेक असे तट पडले. संगतीवर खापर फोडणारे ज्येष्ठ सभासद या वेळीही होते. पण आता त्यांना विचारणारं कुणी होतं: संगत तर त्याला सेंट जोसेफमध्ये लागली, घरातून त्याला कुणी काढलं?

आणि काकांचा अंदाज खरा ठरला. शेवटाकडे एका मुलाने विचारलं, “हा पिक्चर १९७२ मध्येच का काढला? तेव्हा अमेरिकेत काय चाललं होतं?” मॅडमनी व्हिएतनामबद्दल सांगितलं. टिपणात ते असतं तर मुलांनी एक माहिती म्हणून वाचून सोडून दिलं असतं. आता ते त्यांच्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

सगळंच जमलं असं नाही. मालिकेच्या पुढच्या चित्रपटाला गर्दी लिओनेच्या खेळाइतकी झाली नाही. पहिल्या कॉलेजने यापुढे चित्रपटांची यादी आधी मागवायचं ठरवलं, ती आजही द्यावी लागते. पहिल्या खेळाच्या मुलांना टिपण नंतर पाठवलं, पण चित्रपट पुन्हा दाखवता आला नाही. त्यांच्यासाठी ‘बॅड कंपनी’ हा हीरो नसलेला कंटाळवाणा पिक्चरच राहिला असणार, याची मला अजून हळहळ वाटते.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे क्रम. लिओनेच्या पाठोपाठ हा चित्रपट ठेवणं त्याच्यावर अन्याय करणारं होतं. मध्ये ‘द कलपेपर कॅटल कंपनी’ असता तर डोळे थोडे सरावले असते. त्यातही हौशी पोराची हौस उतरते, पण बंदुकांचा ओळखीचा थरार शाबूत आहे. उलट मॅडमचं मत असं की मालिकेची सुरुवातच ‘बॅड कंपनी’ने करावी, म्हणजे तुलनाच होणार नाही. मला ते धाडस वाटतं, पण करून बघण्यासारखं आहे.

दुसरं, जेकचं काय? प्रश्न ड्रूचा ठेवल्यामुळे चर्चेत जेक केवळ बिघडवणारा म्हणून उरला. चित्रपटात तसं नाही. जेक थापाड्या आहे, स्वतःला मुरलेला दरोडेखोर म्हणवतो, पण प्रत्यक्षात त्याला टोळी सांभाळता येत नाही. ससा शेवटी त्यालाच सोलावा लागतो, आणि ते करताना त्याचा तोरा कसा गळून पडतो ते पाहण्यासारखं आहे. ड्रूला मागे निदान एक घर आहे. जेकसाठी कुणी बुटात नोटा ठेवलेल्या नाहीत. ‘जेकला कुठे थांबता आलं असतं?’ असा दुसरा प्रश्न असता तर गरीब पोराला खलनायक ठरवून मोकळं होता आलं नसतं.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. दुसऱ्या खेळाच्या चर्चेत एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारलं होतं, “त्या शेतकऱ्याच्या बायकोला कुणी विचारलं का?” चर्चा तेव्हा ड्रूच्या नकारावर चालली होती, तो नकार थोरपणाचा की सोवळेपणाचा. काकांनी “हो, तोही मुद्दा आहे” म्हणून पुढची चिठ्ठी उचलली. मुद्दा तिथेच राहिला. पण ती मुलगी चित्रपटाच्या एका खऱ्या उणिवेवर बोट ठेवत होती. पोरांचा ओशाळेपणा, फुशारकी, ड्रूचा नकार या सगळ्यांसाठी त्या प्रसंगात जागा आहे. ती बाई मात्र पोरांच्या नजरेतूनच दिसते आणि मागे पडते. बूगच्या मरणाला चित्रपट जितकं महत्त्व देतो तितकं तिच्या जगण्याला देत नाही. आवडत्या चित्रपटाबद्दल हे मान्य करणं मला जड गेलं, पण मान्य आहे.

पुढच्या वेळी त्या विद्यार्थिनीलाच चर्चा चालवायला बोलवावं असं मॅडमनी सुचवलं आहे आणि तिने होकार दिला आहे. तिची एक अट आहे: चिठ्ठीवर ड्रूचा प्रश्न एका बाजूला राहू द्या, दुसरी बाजू कोरी ठेवा, तिथे काय विचारायचं ते ती त्या दिवशी चित्रपट पुन्हा पाहून ठरवेल. काका अजून विचारात आहेत, कारण कॉलेजला प्रश्न आधी कळवावे लागतात.